ते वेगळं!

आमच्या घराण्यात स्वतःच्या पायांनी जमिनीपासून सर्वांत उंच कुणी गेलं असेल, तर ते आजोबा. तेही पावसाळ्याच्या तोंडावर पत्र्याची भोकं डांबराने बुजवायला. मी स्वतः विमानात खिडकीची जागा मिळाली की ती शेजाऱ्याला देऊन टाकतो. लोकांना तो मनाचा मोठेपणा वाटतो. अशा कुळात ताईच्या मुलाने बारावी सायन्सचा निकाल लागला त्या दिवशी पेढ्यांचा पुडा फोडता फोडता जाहीर केलं, "मी पायलट होणार."

डॉक्टर होणार म्हणाला असता तर लोकांनी नीटचे मार्क विचारले असते. इंजिनिअर म्हणाला असता तर कॉलेज विचारलं असतं. पायलट म्हटल्यावर मात्र एकच उद्गार निघतो, "बापरे! महिन्याला आठ-दहा लाख!" हा आकडा सगळ्यांना तोंडपाठ असतो. इस्त्रीवाल्याला, जिममधल्या ट्रेनरला, खालच्या मजल्यावरच्या काकूंना. या काकू स्वतःच्या मुलाचा पगार विचारला तर "बरा आहे हो" यापुढे जात नाहीत, पण परक्या पायलटच्या पगाराची पावती जणू त्यांच्याच पर्समध्ये असते. तो पगार कॅप्टनचा असतो, म्हणजे ज्याची हजारो तासांची लॉगबुकं भरलेली आहेत आणि डोक्यावरचे केस बरेचसे गेलेले आहेत अशा माणसाचा, हे कुणी सांगत नाही. आणि तिथवर पोहोचायचा खर्च कुणी विचारत नाही.

भाऊजींनी विचारला. भाऊजी आयुष्यभर हिशेब खात्यात होते. लग्नाच्या आहेराची यादीही ते डेबिट-क्रेडिट अशी दोन रकान्यांत ठेवतात. आम्ही सगळे एका हॉटेलच्या हॉलमध्ये 'करिअर मार्गदर्शन' ऐकायला गेलो. प्रवेश मोफत, कॉफी मोफत, सोबत दोन बिस्किटं मोफत. या देशात एवढं मोफत मिळालं की पुढे काय येणार हे खरं तर ओळखायला हवं. पडद्यावर काळा चष्मा लावलेला एक कॅप्टन हसत होता आणि त्याच्या शेजारी पगाराचा तो जगप्रसिद्ध आकडा होता. ब्लेझरवाले गृहस्थ म्हणाले, "कमर्शियल पायलट लायसन्स. फी साधारण पन्नास लाख."

भाऊजींनी उचललेलं बिस्कीट परत बशीत ठेवलं.

"यात सगळं आलं ना?"

"दोनशे तासांचं फ्लाइंग आलं, सर."

"राहणं-जेवण?"

"ते वेगळं."

"परीक्षांची फी? मेडिकल?"

"ते वेगळं."

"रेडिओवर बोलायचा परवाना म्हणे काढावा लागतो?"

"तोही वेगळा. हेडसेट, युनिफॉर्म वेगळे. आणि नोकरीसाठी पुढे टाइप रेटिंग करावं लागेल. पंधरा ते वीस लाख."

"ते वेगळं," भाऊजी स्वतःच म्हणाले. माणूस लवकर शिकतो.

आमच्याकडचे एक अत्यंत आशावादी सदस्य म्हणजे ताईचे सासरे, अण्णा. त्यांनी घरी येताच निकाल दिला. "जेआरडी टाटांनी १९२९ साली देशातला पहिला परवाना मिळवला. १९३२ मध्ये कराचीहून जुहूला स्वतः विमान आणलं, टपाल घेऊन! त्यांनी खर्चाचा विचार केला असता तर?"

"अण्णा," भाऊजी म्हणाले, "त्यांचे वडील टाटा होते. याचे मी आहे."

मग बँक. शैक्षणिक कर्जाला साडेसात लाखांपर्यंत तारण मागत नाहीत, त्यापुढे मागतात. आमची मागणी त्यापुढे इतकी पुढे होती की शाखाधिकाऱ्यांनी चष्मा पुसून शून्यं पुन्हा मोजली. डोंबिवलीचा फ्लॅट तारणाला गेला. मग त्यांनी विचारलं, "जामीनदार?" आणि खोलीतल्या सगळ्या माना एकदम माझ्याकडे वळल्या. मामा हे नातं आपल्याकडे बहुधा याचसाठी निर्माण झालं असावं.

"आपण काय करता?"

"सरकारी नोकरी. पाटबंधारे."

"पेन्शन जुनी का नवी?"

"जुनी."

"वा!" शाखाधिकारी म्हणाले. माझ्या आयुष्यात माझ्याकडे पाहून इतक्या मनापासून 'वा' कुणीच म्हटलेलं नव्हतं.

सही करण्याआधी त्यांनी एक शंका काढली. "डॉक्टरकीचं कर्ज असतं तर म्हटलं असतं, नोकरी नाही लागली तर दवाखाना टाकेल. हा काय टाकेल?"

"एअरलाइन टाकेल!" अण्णा गरजले.

"काका," शाखाधिकारी शांतपणे म्हणाले, "ज्यांनी टाकली त्यांनाच आम्ही अजून शोधतोय."

कर्ज मंजूर झालं. ५० लाख, ११ टक्के, १० वर्षं म्हणजे महिन्याला ६९ हजारांच्या आसपास हप्ता. परतफेड एकूण ८२-८३ लाख. शिक्षण चालू असताना चढणारं व्याज, अर्थातच, वेगळं.

विमान चालवायला महाराष्ट्रात धुळ्याला आणि गोंदियालाही शिकवतात. माझ्या डोक्यात धुळं म्हणजे मिरची आणि गोंदिया म्हणजे तांदूळ, एवढंच होतं. आमचा भाचा मात्र लांबच्या एका संस्थेत गेला. तिचं नाव घेत नाही, कारण तिच्या जाहिरातीत जे विमान चकचकीत दिसतं ते आणि प्रत्यक्ष विमान यांची फक्त नंबरप्लेट सारखी होती. पहिल्याच आठवड्यात त्याने फोटो पाठवला. दोन आसनांची सेसना १५२. ताईने तो बोटांनी मोठा करून पाहिला, लहान करून पाहिला.

"एवढंसंच? पन्नास लाखांत?"

"आई, ते विकत घेतलेलं नाही, भाड्याचं आहे."

"इंजिन केवढं?" भाऊजींनी विचारलं.

"एकशेदहा हॉर्सपॉवर."

"आपल्या गाडीपेक्षा थोडंसंच जास्त," भाऊजी म्हणाले आणि बराच वेळ पार्किंगकडे बघत बसले.

नियमाप्रमाणे परवान्याला २०० तास उड्डाण लागतं. त्यातले १०० तास विमानाची सगळी जबाबदारी एकट्याने घेऊन. तासाला १५ हजार धरले तर मिनिटाला २५०. हा हिशेब भाऊजींनी एकदा मांडला आणि घराचं चलनच बदललं. रुपये गेले, मिनिटं आली. गॅसचा सिलिंडर साडेतीन मिनिटांचा झाला. ताईने पसंत केलेली पैठणी दुकानात परत घडी घालून ठेवली, कारण "अर्ध्या तासाची आहे हो!" कोथिंबिरीची जुडी मात्र कितीही महाग झाली तरी मिनिटावर जात नाही, एवढाच काय तो दिलासा.

सगळ्यांत मोठा धक्का म्हणजे हे मीटर विमान उडाल्यावर सुरू होत नाही. विमान जागचं हललं की सुरू होतं आणि परत जागेवर उभं राहिलं की थांबतं. मधे उभं राहावं लागलं तर सिग्नलला अडकलेल्या रिक्षासारखं ते पडतच राहतं. रोज रात्री फोन स्पीकरवर टाकून भाऊजी उलटतपासणी घ्यायचे.

"आज काय केलंस?"

"अर्धा तास सर्किट. त्याआधी वीस मिनिटं रनवेपाशी होल्डवर."

"होल्डवर म्हणजे?"

"मोठं विमान उतरत होतं, नंतर अजून एक. टॉवरने थांबवलं."

"इंजिन बंद केलंस ना?"

"तसं करत नाहीत, बाबा."

"पाच हजार गेले!" भाऊजी ओरडले. "अरे, खाली उतरून ढकलत न्यायचं होतं!"

कोर्स वर्षाचा होता असं माहितीपत्रकात लिहिलेलं होतं. माहितीपत्रक बहुधा वाळवंटात छापलेलं असावं. आपल्याकडे डिसेंबर-जानेवारीत धुकं, मेमध्ये गरम वारा, जूननंतर पाऊस. उरलेल्या दिवसांत विमान ठरावीक तास उडालं की तपासणीला जातं. विमान परत येतं तेव्हा इन्स्ट्रक्टर गेलेला असतो. तो कुठे जातो? तोही आमच्या भाच्यासारखाच कर्जबाजारी पायलट. एअरलाइनची नोकरी लागेपर्यंत तास जमवायला तो शिकवत असतो. नोकरी लागली की निघून जातो, आणि त्याच्या यशाचा पहिला फटका विद्यार्थ्यांना बसतो. आकाश, विमान आणि मास्तर हे तिघं एकाच दिवशी हजर असणं हा ग्रहयोग दुर्मीळ. तोवर मेसचं बिल मात्र बारा महिने तेरा काळ चालू.

पहिल्यांदा एकट्याने विमान उडवून सुखरूप उतरला त्या दिवशी सगळ्यांनी मिळून त्याच्या अंगावर बादल्या ओतल्या. ही जुनी प्रथा आहे म्हणे. व्हिडिओ पाहून ताईच्या डोळ्यांत पाणी आलं. भाऊजींनी विचारलं, "पाण्याचे वेगळे घेतले का?"

परीक्षाही चालू होत्या. नेव्हिगेशन, नियम, विमानाचं तंत्र आणि हवामानशास्त्र. सुट्टीवर आला तेव्हा आकाशाकडे बघून त्याने आम्हाला प्रत्येक ढगाचं नाव, उंची आणि स्वभाव सांगितला. ताईने विचारलं, "मग वाळवण काढू का आत?" तो म्हणाला, "ते सिलॅबसमध्ये नाही." अर्ध्या तासात पापड भिजले.

शेवटी परवाना आला. चौकात फ्लेक्स लागला. 'उत्तुंग भरारी! वैमानिक झाल्याबद्दल हार्दिक अभिनंदन!' त्यावर भाच्याचा फोटो पासपोर्टएवढा होता आणि अभिनंदन करणाऱ्यांचे अकरा फोटो त्याच्या दुप्पट. त्याच संध्याकाळी खालच्या काकू विचारून गेल्या, "मग आता दुबई का सिंगापूर?" आता कुठेच नाही. कारण दोन आसनी विमानाचा परवाना असलेल्या माणसाच्या हाती कुणी पावणेदोनशे माणसं देत नाही. आता ते टाइप रेटिंग. एखाद्या ठरावीक मोठ्या विमानासाठी खास प्रशिक्षण. एअरबस ए३२० करायचं की बोइंग ७३७, यावर घरात आठवडाभर काथ्याकूट झाला. ज्या कंपनीकडे जागा निघतील तिची विमानं आपण शिकलो तीच असली पाहिजेत, नाहीतर वीस लाखांचं ज्ञान कपाटात. ज्योतिष्यांनी 'ब' अक्षर लाभेल असं सांगितलं, पण दोन्ही नावांत ब आहे हे लक्षात आल्यावर त्यांनी दक्षिणा घेऊन प्रश्न पुढे ढकलला. माझ्या चुलतभावाने व्यवहारी सल्ला दिला, "एअरबस घे. रीसेलला चांगली."

एअरबस ठरलं. टाइप रेटिंग जवळजवळ सगळं सिम्युलेटरवर होतं. सिम्युलेटर म्हणजे पायांवर उभी असलेली एक मोठी खोली. ती हलते, डुलते, वादळात सापडते, तिचं इंजिन पेटतं, पण ती इमारतीबाहेर जात नाही.

"म्हणजे वीस लाख देऊन जमिनीवरच?" भाऊजींनी विचारलं.

"शेवटी खऱ्या विमानात सहा टेक-ऑफ-लँडिंग असतात."

भाऊजींनी मनातल्या मनात भागाकार केला आणि ब्लडप्रेशरची गोळी घेतली.

कर्ज ७० लाखांवर गेलं. आणि मग सुरू झाला तो खरा कोर्स, ज्याचं नाव कुठल्याच माहितीपत्रकात नसतं : वाट पाहणे. बेकारी स्वस्त असते असा माझा समज होता. बी.ए. झालेला बेकार दिवसाला दोन चहांवर निघतो. पायलटची बेकारी मात्र राखावी लागते. दरवर्षी मेडिकल, दरवर्षी इन्स्ट्रुमेंट रेटिंगचं नूतनीकरण, अधूनमधून सिम्युलेटर, नाहीतर हात विसरतात आणि कागद शिळे होतात. नोकरी नसल्याचाही महिन्याचा खर्च असणारा हा बहुधा एकमेव पेशा. या काळात ताईला नवी सवय लागली. कुठल्याही एअरलाइनचं नाव निघालं की तिचा पहिला प्रश्न, "ही चालू आहे ना अजून?" तिचंही चूक नव्हतं. किंगफिशर २०१२ मध्ये, जेट २०१९ मध्ये आणि गो फर्स्ट २०२३ मध्ये जमिनीवर बसली, आणि प्रत्येक वेळी अनुभवी वैमानिकांची फौजच्या फौज नोकरीच्या रांगेत आमच्या भाच्याच्या पुढे येऊन उभी राहिली.

जगात तरी बरं असेल म्हणून भाऊजी वाचायला लागले. युरोपात काही ठिकाणी नव्या को-पायलटने कंपनीलाच पैसे भरून प्रवासी विमान उडवायचं, अशी 'पे टू फ्लाय' नावाची पद्धत निघाली होती. म्हणजे त्या विमानातलं सगळ्यांत महागडं तिकीट पुढे डाव्या-उजव्या जागांपैकी उजवीकडे बसलेल्याचं. अमेरिकेत कॅप्टन सलेनबर्गर यांनी जानेवारी २००९ मध्ये इंजिनं बंद पडलेलं विमान हडसन नदीवर उतरवून १५५ जणांना वाचवलं. साऱ्या जगाने टाळ्या वाजवल्या. पुढच्याच महिन्यात ते तिथल्या काँग्रेससमोर सांगत होते की माझा पगार ४० टक्क्यांनी कापला गेलाय आणि पेन्शन गेली आहे. हे वाचल्यावर भाऊजी माझ्याकडे वळले. "तुमची पेन्शन," ते गहिवरून म्हणाले, "सांभाळा हो."

एकदाची नोकरी लागली. आधी ट्रेनी, मग ज्युनिअर फर्स्ट ऑफिसर. कॅप्टनच्या खांद्यावर चार पट्ट्या असतात, याच्या खांद्यावर दोन. पण मोजतो कोण? घरी मुक्कामाला असला की पहाटे तीनला कंपनीची गाडी दारात येते, सगळी बिल्डिंग जागी होते आणि सगळ्यांना आठ-दहा लाखांचा भास होतो. वस्तुस्थिती अशी की कापून जाऊन हातात लाखभर येतात. शाखाधिकाऱ्यांनी मुदत १५ वर्षांची करून हप्ता कसाबसा ८० हजारांच्या आत बसवलाय. उरतात वीस हजार. त्यात विमानतळाजवळ तिघांत भाड्याची खोली, डबा आणि युनिफॉर्मची इस्त्री. हवाई सुंदरीने दिलेलं कॉकपिटमधलं जेवण तो सुट्टीच्या दिवशी आठवतो.

आणि तो फर्स्ट ऑफिसर झाला नेमके त्याच महिन्यात गणपती आले. मंडळाचे कार्यकर्ते पावतीपुस्तक घेऊन हजर.

"कॅप्टनसाहेब, यंदा तुमच्याकडून एकवीस हजार!"

"मी कॅप्टन नाही. फर्स्ट ऑफिसर आहे."

"फर्स्ट? म्हणजे कॅप्टनच्याही वरती! मग एकतीस करा!"

मी मधे पडलो. "अरे, तो नवीन आहे. पगार बेताचा आहे."

अध्यक्ष माझ्याकडे बघून समजूतदारपणे हसले. "मामा, इन्कम टॅक्सवाले आम्ही नाही. आमच्यापाशी कशाला लपवता?" शेवटी पाचशे एक रुपयांवर तोड झाली. विमानाच्या हिशेबात बरोबर दोन मिनिटं. त्या दिवसापासून बिल्डिंगमध्ये आमचा भाचा 'एवढा कमावून किती चिक्कू' म्हणून प्रसिद्ध आहे. नातेवाईक त्याहून पुढे. त्यांना फुकट तिकीट हवं असतं. माझ्या मावशीला तर तिकीटही नको होतं. "पंढरपूरवरून जाताना जरा खाली घे, कळस बघीन म्हणते."

मुलगा कमावता झाला म्हटल्यावर स्थळं बघायला घेतली. आलेल्यांतलं एक स्थळ अण्णांना एकदम पसंत पडलं. मुलगीही पायलट! आपल्या देशात महिला वैमानिकांचं प्रमाण जगात अगदी वरच्या रांगेत आहे, हे अण्णांनी मुलीच्या घरच्यांना अशा सुरात सांगितलं, की त्यात त्यांचाही थोडा हात असावा. पोहे आले.

"आमचा कॅप्टन झाला की आठ-दहा लाख कुठे गेले नाहीत," भाऊजी म्हणाले. हिशेब खात्यातला माणूस, पण मुलाचं स्थळ म्हटल्यावर त्यांचीही जीभ तोच आकडा बोलून गेली.

"आमचीही होईलच की," मुलीचे वडील म्हणाले.

"म्हणजे दोघांचे मिळून महिन्याला वीस लाख!" अण्णांनी बेरीज केली आणि सगळे त्या वीस लाखांच्या सावलीत निवांत पोहे खाऊ लागले. तेवढ्यात मुलीनेच विचारलं, "काका, तुमचा हप्ता किती आहे?"

चमचे थांबले.

"ऐंशीच्या आत," भाऊजी म्हणाले.

"माझा ब्याऐंशी. कटतो कधी तुमचा?"

"पाच तारखेला."

"माझाही पाचलाच!"

"योग आहे!" अण्णा म्हणाले, आणि पत्रिका बघायची गरजच उरली नाही.

मुहूर्त गुरुजींनी नव्हे, दोघांच्या रोस्टरने काढला. लग्न साधेपणाने झालं. दोन्ही घरांनी त्याला 'आधुनिक विचार' असं नाव दिलं. मंगलाष्टकांआधी गुरुजींनी माइकवरून पुकारलं, "मुलाचे मामा, मुलीचे मामा, दोघांनीही मागे नीट उभं राहायचंय!" मी जाऊन उभा राहिलो. अंतरपाटाच्या पलीकडे माझ्यासारखेच एक निवृत्तीला टेकलेले गृहस्थ मुलीच्या मागे उभे होते. चेहऱ्यावर तोच भाव, जो बँकेत सही केल्यापासून मी आरशात बघतोय. मंगलाष्टकं संपली, अक्षता पडल्या, अंतरपाट दूर झाला. मी हळूच विचारलं, "तुम्ही किती वर्षं उभे?"

त्यांनी अक्षता झटकल्या.

"पंधरा," ते म्हणाले. "फ्लोटिंग रेटने."